लेखणी घरांत आली तेव्हां

शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टि साहजिकपणें शाळांकडे जाते. कोणत्या सालीं कोठें शाळा निघाली, सरकारनें कोणता ठराव केला, किती मुलें परीक्षेस बसलीं व किती उतरलीं, याचा हिशेब कागदोपत्रीं मिळतो आणि तो मांडणें सोपेंहि असतें. १९०१ सालच्या खानेसुमारींत हिंदुस्थानांतील स्त्रियांपैकीं शेंकडा एकहि साक्षर निघाली नाहीं आणि पुरुषांतहि शेंकडा दहांच्या आंतच साक्षर निघाले, ही माहिती पाठ्यपुस्तकांत एका ओळींत आटोपते. परंतु त्या शेंकडा एकाच्याहि आंत बसणाऱ्या एखाद्या बाईनें आपल्या अक्षरांचें पुढें काय केलें? दिवसाच्या रामरगाड्यांत तिला पुस्तक उघडावयास वेळ कोणता मिळाला, तें तिनें ठेविलें कोठें, लपविलें कोणापासून, आणि त्या वाचनानें तिचा दिवस पूर्वींहून निराळा झाला कीं नाहीं? शाळेच्या दप्तरांत याचें उत्तर सांपडत नाहीं, कारण शाळेचें दप्तर मुलगी शाळेंतून गेली त्या दिवशीं बंद होतें.

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण विद्येचें खरें मोल ठरविण्याची जागा हीच आहे असें माझें मत आहे. विद्येनें नोकरी मिळते, दर्जा वाढतो, देशाची उन्नति होते, हीं तीन विधानें आपण इतक्या वेळां ऐकलीं आहेत कीं, ज्या माणसाला नोकरी करावयाची नव्हती आणि देशाच्या उन्नतीचा भारहि ज्याच्या शिरावर कोणी ठेविला नव्हता, त्यानें अक्षर ओळखून काय मिळविलें, हें विचारण्याचें भानच आपणांस राहिलें नाहीं. सुदैवानें मराठींत अशा कांहीं माणसांची साक्ष शिल्लक आहे. ती बहुतेक बायकांची आहे हा योगायोग नव्हे. पुरुषाच्या हातीं लेखणी आली ती पोटासाठीं आली. तिचा उपयोग आधींच ठरलेला होता. बाईच्या हातीं ती आली तेव्हां तिचें काय करावयाचें हें घरांतल्या कोणालाच ठाऊक नव्हतें.

पेशवाईंत लिहिणें हा एक पेशा होता. बोरू, शाई, अक्षर वाळविण्याची वाळू, आणि जुन्नरी किंवा दौलताबादी कागद एवढी सामग्री घेऊन मुलगा फडावर बसला कीं घरच्यांस चिंता नसे. मोडीचें वळण चांगलें असलें तर सरदाराच्या पदरीं चाकरी मिळे. नसलें तर निदान कुलकर्ण्याच्या वहीवर गुजराण होई. या मोडीनें वतनें, वसुली, कर्जरोखे, लढायांच्या बातम्या सर्व कांहीं लिहिलें. पोथ्या मात्र बाळबोधींत लिहीत. म्हणजे पैशाची आणि सत्तेची लिपि एक, देवाची लिपि दुसरी, अशी वांटणी झालेली होती. या दोहोंच्या मध्यें माणसानें स्वतःसाठीं कांहीं लिहावें अशी जागा फारशी उरलेली नव्हती. नाना फडणिसांचें छोटेसें आत्मवृत्त हा त्याला मोठा अपवाद. बालपणापासून पानिपतांतून जीव वांचवून परत येईपर्यंतची ही हकीकत आहे. त्यांत स्वतःच्या मनांतील विकारांविषयीं नानांनीं जो मोकळेपणा दाखविला आहे, तो त्यांच्या राजकीय पत्रव्यवहारांत शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. ज्या माणसाच्या हाताखालीं सबंध राज्याचें दप्तर होतें, त्यानें स्वतःविषयीं लिहिलें तें थोडीं पानें, आणि तेंहि १७६१ सालाशीं थांबलें. त्या रणधुमाळींत त्यांची आई नाहींशी झाली. पुढें चाळीस वर्षें लेखणी हातीं होती. ती पुन्हां आपल्या घराकडे वळली नाहीं.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचे बावीस खंड काढले. त्यासाठीं गांवोगांव हिंडून, माळ्यांवरचीं आणि बळदांतलीं रुमालें सोडून त्यांनीं कागद जमविले. या कागदांत घरगुती सुखदुःखाचा मजकूर येतो, पण तो बहुधा पत्राच्या शेपटीला, मामलतीचें बोलणें संपल्यावर, दोन ओळींत येतो. त्या दोन ओळींसाठीं सबंध पत्र वाचावें असें मला पुष्कळ वेळां वाटलें आहे.

वाचनाची गोष्ट थोडी निराळी होती. त्या काळीं वाचन हें एकट्यानें करण्याचें कामच नव्हतें. चातुर्मासांत देवळाच्या ओसरीवर पुराणिक हरिविजय किंवा पांडवप्रताप लावी आणि गांव ऐकावयास बसे. श्रीधराची ओंवी ज्यांना तोंडपाठ होती अशा हजारों बायकांना एक अक्षरहि ओळखतां येत नव्हतें. या श्रवणाला मी कमी लेखीत नाहीं. आमच्या भाषेचा बराचसा जिवंतपणा त्याच ओसरीवर टिकून राहिला. पण ओसरीवर बसणाऱ्या बाईला आज कोणता अध्याय ऐकावयाचा हें ठरवितां येत नसे, मध्येंच थांबून मागचें पान उलटतां येत नसे, आणि पुराणिकबोवांनीं सांगितलेला अर्थ पटला नाहीं तर पोथी हातांत घेऊन पडताळाहि पाहतां येत नसे. श्रवण आणि वाचन यांतील अंतर एवढेंच, पण तें लहान नाहीं.

पोथी वाचतां येणारी बाई एखाद्या घरांत खपून जाई. लिहिणारी बाई मात्र भीतीचा विषय होती. ही भीति किती खोल होती तें एका रूढ शब्दप्रयोगावरून दिसतें. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांचा खून केला. राघोबादादांच्या हुकुमांत नारायणरावांना 'धरावें' असें होतें, आनंदीबाईंनीं 'ध' चा 'मा' केला, अशी कथा घरोघर सांगितली जाते. ती सिद्ध करणारा मूळ कागद आज उपलब्ध नाहीं आणि इतिहासज्ञ तिच्याकडे संशयानेंच पाहतात. पण कथा खरी कीं खोटी यापेक्षां ती इतकी टिकली कां, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. पेशव्यांच्याच घरांतील गोपिकाबाईंनीं नाशिककडे राहत असतां आपल्या नातवास, सवाई माधवरावास, वागणुकीचीं कलमें लिहून पाठविलीं होतीं. आजीनें नातवाला लिहिलेलें असें पत्र कोणत्याहि भाषेला भूषणच व्हावें. तें पत्र अभ्यासकांखेरीज कोणाच्या लक्षांत नाहीं. आनंदीबाईंचें एक अक्षर, तेंहि बहुधा त्यांनीं न लिहिलेलें, अडीचशें वर्षें लोकांच्या तोंडीं आहे. बाईच्या हातीं लेखणी गेली कीं माणूस मरतो, असा धडा शाळेंत न जातांच प्रत्येक मुलगी शिकत होती.

शंभर वर्षांनंतरहि हा धडा पुसला गेला नव्हता. १८७३ च्या अखेरीस कुर्लेकरांची अकरा वर्षांची मुलगी देवराष्ट्र्याच्या माहेराहून पुण्यास महादेव गोविंद रानडे यांच्या घरीं लग्न होऊन आली, तेव्हां तिला अक्षर येत नव्हतें. माहेरीं मुलींना शिकविण्यास बंदी होती. घरांतल्या एका आत्यास लिहितां वाचतां येत होतें आणि तिला वैधव्य आलें. त्यावरून विद्येचा आणि वैधव्याचा संबंध त्या घरानें कायमचा जोडून टाकला होता. नवरा एकतीस वर्षांचा, विश्वविद्यालयाचा पदवीधर, न्यायखात्यांतील अधिकारी. पहिली पत्नी वारल्यावर सुधारकांच्या या पुढाऱ्यानें विधवेशीं विवाह करावा अशी मंडळींची अपेक्षा होती. वडिलांच्या हट्टापुढें तो वांकला. या विवाहाबद्दल रानड्यांवर टीका झाली ती अगदींच अन्यायाची नव्हती असें मला वाटतें. परंतु ज्या हातून ही चूक झाली त्याच हातानें लग्न होऊन थोडा वेळ लोटतो न लोटतो तोंच नव्या मुलीपुढें पाटी ठेविली, हेंहि तितकेंच खरें आहे.

रमाबाईंच्या शिक्षणाची कहाणी आपण पुष्कळ वेळां मोठ्या कौतुकानें सांगतों, आणि सांगतांना तिच्यांतला पेंच गाळून टाकतों. या मुलीला शिकण्याची हौस होती म्हणून ती शिकली असें नाहीं. पतीची इच्छा होती म्हणून शिकूं लागली. इकडे घरांत सासू, नणंद आणि नात्यागोत्याच्या वडील बायका यांची इच्छा नेमकी उलट होती. थोडें मराठी वाचन त्यांनीं चालवून घेतलें असतें, पण इंग्रजी म्हणजे त्यांच्या मतें थेट उद्धटपणा. पतीची आज्ञा पाळावी तर वडीलधाऱ्यांचा अवमान होतो, वडीलधाऱ्यांचें ऐकावें तर पतीचा होतो; आणि आज्ञाधारकपणा हाच जिचा एकमेव गुण म्हणून शिकविला गेला, तिच्यापुढें दोन आज्ञा एकमेकींच्या तोंडावर उभ्या राहिल्या. टोंचून बोलणें, अबोला, कामांतून मुद्दाम वगळणें हें सर्व तिनें सोसलें, आणि पतीकडे तक्रार नेली नाहीं. पुण्यांत चारचौघांसमोर इंग्रजीत निबंध वाचून दाखविल्यावर घरीं परतल्यावर झालेला सत्कार कसा असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. मराठी शिकविण्यास फीमेल ट्रेनिंग कॉलेजांतल्या सगुणाबाई देव येत. त्यांच्यासारख्या शिक्षिकेचें नांव आज फारसें कोणी घेत नाहीं, पण घरोघरीं जाऊन टोमण्यांच्या वर्षावांत अक्षरें गिरवून घेणारीं हीं माणसें नसतीं तर पुढच्या गोष्टी घडल्या नसत्या.

मग या अक्षरांनीं रमाबाईंना काय दिलें? त्यांनींच लिहिलेला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. १८८६ च्या सुमारास फिनॅन्स कमिटीच्या कामासाठीं रानडे कलकत्त्यास राहिले होते. तेथें त्यांनीं बंगाली शिकण्यास आरंभ केला आणि पत्नीलाहि शिकवूं लागले. एके दिवशीं बाहेरच्या खोलींत ते कोणाशीं तरी बोलत असल्याचें रमाबाईंस ऐकूं आलें. पाहतात तों न्हावी दाढी करतो आहे, न्यायमूर्ति बंगाली पुस्तक मोठ्यानें वाचीत आहेत, आणि न्हावी उच्चार सुधारीत आहे. रमाबाईंनीं थट्टा केली. रानड्यांनीं दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंची आठवण देऊन ती परतविली. या प्रसंगांत रानड्यांची ज्ञानलालसा दिसते, असें चरित्रकार सांगतील. मला त्यांत दुसरेंहि कांहीं दिसतें. लग्नाच्या वेळीं पाटीपुढें मुकाट्यानें बसणारी मुलगी आतां नवऱ्याच्या अभ्यासाची थट्टा करण्याइतकी त्याच्या अभ्यासांत वांटेकरी झाली होती. एकच पुस्तक दोघांच्या हातीं असल्याखेरीज अशी थट्टा करतां येत नाहीं.

रानडे १९०१ सालीं वारले. 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' १९१० सालीं प्रसिद्ध झाल्या. रानड्यांचीं भाषणें, निबंध, निकालपत्रें हीं सर्व त्यांच्या विद्वत्तेची साक्ष देतात. पण घरांतले रानडे, आंब्याची एखादी फोड खाऊन बाकीच्या बाजूला सारणारे, बायकोला शिकवितां शिकवितां तिची परीक्षा पाहणारे, हे एका त्या पुस्तकांतच जिवंत आहेत. ज्यानें तिला अक्षर दिलें तो आपणांस घरांतला माणूस म्हणून ठाऊक आहे तो त्याच अक्षरामुळें. आणि त्या ग्रंथांतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पुन्हां निराळीच आहे: सासुरवासाचा तो सारा जाच, जो त्यांनीं त्या वेळीं पतीलाहि सांगितला नाहीं, तो त्यांनीं तीस वर्षांनंतर कागदावर सांगितला, आणि सांगतांना त्या बायकांवर सूड उगवला नाहीं. तोंडानें बोलल्या असत्या तर तें भांडण झालें असतें.

काशीबाई कानिटकरांचा अनुभव याच्या शेजारीं ठेवून पाहण्याजोगा आहे. त्या १८६१ सालच्या, म्हणजे जवळजवळ रमाबाईंच्याच वयाच्या. नवरा गोविंदराव शिकलेला आणि शिकलेली बायको हवी असें म्हणणारा. पण काशीबाईंनीं अक्षरें मिळविलीं तीं बरीचशीं स्वतःच्या जिद्दीवर आणि घरच्यांच्या नजरा चुकवून. पुढें त्यांनीं 'रंगराव' ही कादंबरी लिहिली, डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र लिहिलें. हरि नारायण आपट्यांशीं त्यांचा स्नेह व पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. आपट्यांनीं 'पण लक्षांत कोण घेतो' लिहिली ती यमू नांवाच्या बाईनें स्वतःच आपली कर्मकथा लिहून काढावी अशा रीतीनें. एका पुरुष कादंबरीकाराला अशी लिहिणारी बाई कल्पितां आली, याचें कारण अशा लिहिणाऱ्या बाया त्याच्या ओळखीच्या झालेल्या होत्या, असा माझा तर्क आहे.

येथें पोस्टखात्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण घरगुती लेखनाचा इतिहास शाळाखात्याइतकाच पोस्टखात्याचा आहे. १ ऑक्टोबर १८५४ पासून अंतराचा विचार न करतां हलक्या पत्राला अर्धा आणा हा दर देशभर लागू झाला. १ जुलै १८७९ पासून एका पैशाचें कार्ड निघालें. १८८० पासून पोस्टानें मनिऑर्डर सुरू केली. पूर्वीं कासीद किंवा जासूद पाठविण्याची ऐपत असलेल्यानेंच पत्र लिहावें. आतां रत्नागिरीची आई मुंबईच्या गिरणींतल्या मुलाला एका पैशांत बोलावूं लागली. तिला लिहितां येत नव्हतें, त्याला वाचतां येत नव्हतें. दोन्ही टोंकांना मध्यस्थ बसलेला असे, तिकडे मास्तर नाहींतर भटजी, इकडे पोस्टाबाहेर बोरू कानावर अडकविलेला लेखनिक. त्या कार्डावर काय लिहिलें जात असे? क्षेमकुशल, पावसाची हकीकत, म्हैस व्याल्याची बातमी, पैसे कधीं धाडतोस ही विचारणा. मास्तरासमोर सांगतां येण्यासारखें जेवढें तेवढेंच. बायकोला नवऱ्याशीं जें बोलावयाचें तें मास्तराच्या तोंडून कसें जाणार? साक्षरतेचें सर्वांत साधें, सर्वांत जवळचें मोल जर कोणी विचारलें, तर मी हेंच सांगेन कीं आपलें पत्र आपणच लिहितां यावें आणि आलेलें पत्र दार लोटून एकट्यानें वाचतां यावें. त्या दाराआड काय वाचलें जाई तें इतिहासाला कळत नाहीं, आणि कळूंहि नये.

सावित्रीबाई फुल्यांनीं जोतीरावांना लिहिलेलीं तीन पत्रें उपलब्ध आहेत: १८५६, १८६८ आणि १८७७ सालचीं. पहिलें पत्र माहेराहून, आजारपणांत लिहिलेलें. भावानें शूद्रातिशूद्रांना शिकविण्याच्या उद्योगाबद्दल दोघांना नांवें ठेविलीं आणि बहिणीनें त्याला सडेतोड उत्तर दिलें, ती हकीकत त्यांत आहे. दुसऱ्यांत नायगांवच्या लोकांच्या मारांतून एका भिन्न जातींच्या जोडप्याला वांचविल्याची, तिसऱ्यांत जुन्नरकडील दुष्काळाची. नवऱ्याला लिहिलेल्या पत्रांत प्रेमाच्या गोष्टी नाहींत म्हणून कोणास तीं रूक्ष वाटतील. मला तसें वाटत नाहीं. दिवसभर ज्या कामांत दोघें एकत्र असत, त्याच कामाचा वृत्तांत दूर असतां दिला जात आहे. आणि तो देतांना ही बाई कोणाची परवानगी मागत नाहीं. त्याच दांपत्याच्या शाळेंतील मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदया'ंत छापला गेला. धर्मग्रंथ वाचण्याची ज्यांना मनाई, त्यांचा धर्म कोणता, असा रोखठोक प्रश्न तिनें त्यांत केला. अक्षर शिकून दोनचार वर्षेंच झालेल्या मुलीनें पहिल्याच लेखनांत वाचनाच्या हक्कालाच हात घातला. पुढें तिचें काय झालें, तिनें आणखी कांहीं लिहिलें काय, हें समजत नाहीं. त्या एका निबंधानंतर कागद मुके आहेत.

टपालाची सर्वांत विलक्षण कहाणी आनंदीबाई जोशांची. नवरा गोपाळराव पोस्टांतलाच कारकून. बायकोला शिकविण्याच्या वेडानें त्यानें अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेलें पत्र तिकडच्या एका मासिकांत छापलें गेलें. १८८० सालीं न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंनीं दांताच्या डॉक्टराकडे आपली पाळी येईपर्यंत वेळ घालविण्यासाठीं तें मासिक उघडलें, आणि त्यांना अनोळखी मुलीला पत्र लिहावेंसें वाटलें. आनंदीबाई तेव्हां पंधरा वर्षांच्या होत्या. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांत गेलेलें. पुढें तीन वर्षें पत्रें जात येत राहिलीं. कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणूं लागल्या. नात्याचें नांव आधीं, प्रत्यक्ष भेट नंतर. १८८३ सालीं त्या कलकत्त्याहून आगबोटीनें निघाल्या. ११ मार्च १८८६ रोजीं पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांतून पदवीधर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानें वारल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयांत मिळालेल्या जागेवर रुजू होण्याचें त्यांच्या नशिबीं नव्हतें. उपयोगाच्या हिशेबानें पाहिलें तर त्या पदवीची किंमत शून्य भरेल. आणि गोपाळरावांच्या शिकविण्यांत जुलूम होता, हेंहि कबूल केलें पाहिजे. रानड्यांच्या घरच्या पाटीपेक्षां ती पाटी पुष्कळ कठोर होती. तरीहि घरीं ज्या मुलीला समवयस्क अशी कोणी मैत्रीण नव्हती, तिला सात समुद्रांपलीकडे एक जिव्हाळ्याचें माणूस मिळालें तें केवळ पत्र लिहितां येत होतें म्हणून. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या अस्थि अमेरिकेस गेल्या आणि कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमींत पुरल्या गेल्या.

पुरुषांना या विषयांतून मी अगदींच वगळलें असा आरोप नको म्हणून वरसईच्या विष्णुभट गोडशांची आठवण देतों. हा भिक्षुक १८५७ सालीं कर्जबाजारी घराला दक्षिणेचा हातभार लागावा म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यांत सांपडला. झांशीचा वेढा त्यानें आंत राहून पाहिला. लुटला गेला, उपाशी राहिला, आणि शेवटीं द्रव्याऐवजीं आईबापांसाठीं गंगेची कावड घेऊन घरीं आला. ही हकीकत त्यानें १८८३ च्या सुमारास, म्हणजे सुमारें पंचवीस वर्षांनीं, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून मोडींत लिहून काढली. वैद्यांनीं ती १९०७ सालीं 'माझा प्रवास' म्हणून छापली. पण सरकारच्या धास्तीनें आणि आपल्या वाङ्मयीन अभिरुचीनें तिच्यांत फेरफार केले. भटजींची खरी भाषा वाचकांपुढें आली ती १९६६ सालीं, दत्तो वामन पोतदारांनीं मूळ प्रत छापली तेव्हां. दोन्ही प्रति शेजारीं ठेवून वाचणें हें मनोरंजक काम आहे. वैद्यांची भाषा शुद्ध आहे. भटजींची भाषा ओबडधोबड, लांबत जाणारी, आणि घरच्या ओटीवर बसून ऐकल्यासारखी आहे. पंचवीस वर्षें हा माणूस तीच गोष्ट तोंडानें कितीतरी जणांना सांगत आला असेल. पण कोणीं सांगितल्याशिवाय ती लिहावी असें त्याला वाटलें नाहीं. लेखन म्हणजे शास्त्र आणि हिशेब, स्वतःचे हाल हा लिहिण्याचा विषय नव्हे, ही जुनी वांटणी त्याच्याहि हाडींमाशीं मुरलेली होती.

कोणी विचारील, अक्षर नसलें म्हणजे मनहि नसतें काय? मुळींच नाहीं. खानदेशांतील बहिणाबाई चौधरी यांना लिहितां वाचतां येत नव्हतें. जात्यावर आणि शेतांत त्या ओव्या रचीत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनीं त्यांतल्या कांहीं टिपून ठेविल्या, आणि त्या १९५१ सालीं वारल्यावर १९५२ सालीं आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानें त्यांचें पुस्तक निघालें. निरक्षर प्रतिभेचें हें उदाहरण सभांतून मोठ्या अभिमानानें दिलें जातें. मला तें ऐकतांना नेहमीं एक हिशेब सुचतो. जें टिपलें गेलें तें वांचलें. जें टिपणारा घरीं नसतांना सुचलें तें गेलें. आणि ज्या बायांचे मुलगे कवि नव्हते त्यांचें सर्वच गेलें.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट या दोन टोंकांच्या मधली आहे. १८६८ सालीं नाशिकजवळच्या जलालपुरास सोंवळ्याच्या विलक्षण वेडानें पछाडलेल्या बापाच्या घरीं जन्म, अकराव्या वर्षीं नारायण वामन टिळकांशीं लग्न. शाळेचें तोंड पाहिलेलें नाहीं. टिळकांनीं त्यांना शिकविलें तें लहर लागेल तेव्हां, आणि लहर संपली कीं शिकवणीहि संपे. इंग्रजीचा प्रयोग तर फसलाच. १८९५ सालीं टिळकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढचीं कांहीं वर्षें संसार उरला तो पत्रांत. राग, विनवणी, वाद, आठवण, सर्व टपालानें. धर्मानें तोडलेल्या दोन माणसांना त्या लिफाफ्यांनीं एका धाग्यानें धरून ठेविलें, आणि पुढें लक्ष्मीबाई आपल्या पायांनीं चालत टिळकांकडे गेल्या. त्यांच्या 'स्मृतिचित्रें'चे भाग १९३४ पासून निघूं लागले तेव्हां त्यांचें वय पासष्टीच्या पुढें होतें. त्या गद्याविषयीं आमच्या टीकाकारांनीं पुष्कळ लिहिलें आहे, म्हणून मी अधिक लिहीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, शिकलेल्या माणसाला लिहितांना जो पुस्तकी अडथळा होतो तो त्यांना झालाच नाहीं, कारण पुस्तकी भाषा त्यांच्या वांट्याला उशिरा आणि थोडी आली होती. स्वतःच्या फजित्या हंसत हंसत सांगणारी बाई आमच्या वाङ्मयांत त्यांच्यापूर्वीं मला तरी आढळलेली नाहीं.

टिळक १९१९ सालीं वारले तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' आरंभीच्या थोड्याच अध्यायांपाशीं अपुरें राहिलें होतें. ज्या बायकोला त्यांनीं लहर लागेल तशी अक्षरें शिकविलीं होतीं, तिनें तें हातीं घेतलें आणि त्यापुढचे चौसष्ट अध्याय ओवीबद्ध लिहून काढले.